मुलाखतीत विचारलं ते विचारायला नको होतं?

निकाल लागला, पोस्ट तीन मार्कांनी हुकली, की अभ्यासिकेखालच्या टपरीवर मुलाखतीचा पंचनामा सुरू होतो. "शेतीवर काही विचारलंच नाही, लग्न कधी करणार एवढं मात्र विचारलं." "माझ्या पॅनेलने आडनावावरच वेळ घालवला." मग कुणीतरी ठामपणे सांगतो, टाक माहिती अधिकार, जा मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात). या सल्ल्यात खरं थोडं आणि ऐकीव फार असतं.

गैरसमज: उत्तरतालिकेवर हरकत घेतो, तशी मुलाखतीतल्या प्रश्नावरही घेता येईल.

नाही घेता येत. वस्तुनिष्ठ प्रश्नाचं बरोबर उत्तर पुस्तकात सापडतं, म्हणून ते पान जोडून लोकसेवा आयोगाला चूक दाखवता येते. मुलाखतीच्या गुणांना अशी तालिका नसते. न्यायालयंही त्या गुणांना सहसा हात लावत नाहीत. महाराष्ट्रातून गेलेल्या दलपत आबासाहेब सोळुंके प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की निवड समितीच्या निर्णयावर अपील ऐकणं हे न्यायालयाचं काम नव्हे. समितीची रचनाच बेकायदा असेल, प्रक्रियेत गंभीर दोष असेल किंवा आकस सिद्ध होत असेल, तरच हस्तक्षेप होतो. "त्याला जास्त आणि मला कमी का?" एवढ्या जोरावर याचिका उभी राहत नाही.

गैरसमज: विषयाबाहेरचा प्रश्न म्हणजे नियमबाह्य प्रश्न.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षेची अधिसूचना शेवटपर्यंत वाचणारे थोडेच. त्यात लिहिलेलं असतं, की लेखी परीक्षेत तपासलेलं ज्ञान पुन्हा तपासण्यासाठी मुलाखत नाही. उलटतपासणी न करता हेतूपूर्वक चालवलेल्या गप्पांतून उमेदवाराचा कल आणि समज पाहायची आहे. म्हणून इंजिनिअरला कांद्याच्या भावावर विचारलं तर तो अन्याय होत नाही. गाव, आडनाव, मधली दोन रिकामी वर्षं, हे सगळं आपणच अर्जात भरून दिलेलं असतं. छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहून शेवटचं पुस्तक न आठवणाऱ्यांची तक्रार तर देवही ऐकणार नाही.

गैरसमज: मग काहीच करता येत नाही.

हा उलट्या टोकाचा गैरसमज, आणि जास्त नुकसान करणारा. १९८० सालचं अजय हसिया प्रकरण घ्या. नोकरीचं नव्हे, श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशाचं. लेखी परीक्षेला १०० गुण, मुलाखतीला ५०. उमेदवारांचं म्हणणं असं, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली. वडील कोण, राहता कुठे एवढंच विचारलं, विषयाशी संबंध असलेलं जवळजवळ काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही मुलाखत मनमानी ठरवली. तोवर दीड वर्ष गेलं होतं, म्हणून झालेले प्रवेश रद्द केले नाहीत. मात्र हुकलेल्यांपैकी सर्वोत्तम पन्नास जणांना पुढच्या वर्षी प्रवेश द्यायचं ठरलं. त्याच निकालात न्यायालयाने सुचवलं होतं, की मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे काय विचारलं आणि काय उत्तर आलं याचा पुरावा राहील. ती सूचना मनावर घेतली असती तर टपरीवरचे निम्मे वाद मिटले असते.

नीरा माथूर यांचं प्रकरण वेगळं आहे. आयुर्विमा महामंडळाच्या घोषणापत्रात महिला उमेदवारांना मासिक पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, किती वेळा गर्भ राहिला, असे रकाने भरावे लागत. माथूर यांनी प्रसूती रजा घेतली, तेव्हा त्यांनी चुकीची माहिती दिली असं म्हणत परिविक्षाकाळातच त्यांना कमी केलं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रश्न अपमानास्पद ठरवून ते रकाने काढायला लावले आणि त्यांना कामावर परत घ्यायला सांगितलं. ते प्रश्न छापील होते, ही इथली महत्त्वाची गोष्ट. तोंडी विचारलेल्या तसल्याच प्रश्नावर "असं विचारलंच नाही" म्हणायला पॅनेलला कितीसा वेळ लागतो?

पॅनेलमधल्या एखाद्याचं बोलणं लैंगिक सूचकतेकडे झुकलं असेल, तर प्रकरण निवडीपुरतं उरत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'पीडित महिला' या व्याख्येला नोकरीत असण्याची अट नाही. मुलाखतीला आलेली उमेदवारही तक्रार करू शकते. मुदत मात्र तीन महिन्यांची.

गैरसमज: माहिती अधिकारात सगळं बाहेर येतं.

स्वतःचे गुण मिळतात. कुणी मुलाखत घेतली, हे मिळेलच असं नाही: बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाखत मंडळाच्या सदस्यांची नावं-पत्ते देण्याची सक्ती नाकारली. त्यांच्या सुरक्षिततेचं कारण दिलं.

गैरसमज: निकाल लागू दे, मग बघू.

इथेच बहुतेक जण फसतात. मदनलाल विरुद्ध जम्मू-काश्मीर राज्य या १९९५ च्या निकालाचा आधार घेऊन न्यायालयं विचारतात, की मुलाखतीला मुकाट बसलात, निवड झाली असती तर गप्प राहिला असता. मग आता तक्रार कशी? याला अपवाद आहे. २०१९ च्या मीता सहाय प्रकरणात न्यायालयाने म्हटलं, की भाग घेतल्याने उमेदवार प्रक्रिया स्वीकारतो, तिच्यातला बेकायदेशीरपणा नव्हे. पण अपवादावर विसंबण्यापेक्षा मुलाखतीच्या संध्याकाळीच कागद काढावा. वेळ, खोली, पॅनेल, आक्षेपार्ह प्रश्न शब्दशः, आपलं उत्तर. त्यावरून निकालाआधीच आयोगाच्या सचिवांना अर्ज करावा आणि पोच जपून ठेवावी. "पॅनेल वाईट होतं" असल्या वाक्याला तिथे किंमत नाही.

राज्य सरकारच्या भरतीचा वाद आधी मॅटमध्ये जातो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याचं काम चालतं. केंद्राच्या भरतीसाठी कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. थेट उच्च न्यायालयात धावणाऱ्यांना बहुधा इकडेच परत पाठवतात, कारण १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने हा क्रम ठरवून दिला आहे. कायद्याने मुदत साधारण एक वर्षाची, पण एवढं थांबू नये. तोवर निवड झालेले उमेदवार रुजू होतात, आणि ज्यांची नेमणूक धोक्यात येईल त्यांना प्रतिवादी केलं नाही, तर तेवढ्यावरही अर्ज अडू शकतो.