शक्ती, भीती आणि कच्चं मडकं

ब्रँडन सँडरसन यांची 'कॅलॅमिटी' (२०१६) ही 'रेकनर्स' या किशोरांसाठीच्या मालिकेतली शेवटची कादंबरी. आम्ही ती सत्तरीत वाचली! तीत अचाट शक्ती मिळालेले 'एपिक' जुलमी होतात. दोष शक्तीचा की माणसाचा? प्लेटोच्या गायजेसच्या अंगठीचाही प्रश्न हाच. इथलं उत्तर असं: एपिकचं मर्म त्याच्या जुन्या भीतीत असतं, तिला तो सामोरा गेला की शक्ती राहते, विकार ओसरतो. आता आपल्या नर्सीचे नामदेव बघा. गोरोबाकाकांनी थापटून कच्चं मडकं ठरवलं तेव्हा रुसले म्हणतात, पण अखेर औंढ्याला विसोबा खेचरांपुढे बसलेच ना! शेवटी मात्र सँडरसन विकाराचं मूळ आकाशातल्या परक्या जिवात दाखवतात. हे आम्हाला पटलं नाही. माणूस फार स्वस्तात सुटतो.