वजनाचे ऑपरेशन : सही करण्याआधी एवढे विचारा

शुगरची गोळी, बीपीची गोळी, गुडघेदुखी, रात्रीचे घोरणे आणि चार पायऱ्या चढताच लागणारा दम. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत आम्ही तपासणी करतो तेव्हा हे सारे पुष्कळदा एकाच माणसात सापडते. मग हळूच प्रश्न येतो, "सिस्टर, ते पोटाचे ऑपरेशन करून घेऊ का?" आपल्या विदर्भाचे नेते नितीन गडकरी यांनी 2011 साली ते करून घेतले, हे अनेकांनी ऐकलेले असते.

या ऑपरेशनात चरबी कापून काढत नाहीत. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. बायपास प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. थोडक्या जेवणात पोट भरते, भूक मंदावते, आतड्यातील संप्रेरके बदलतात. त्यामुळे अनेकांची शुगर वजन उतरण्याआधीच खाली येते. बीपी, झोपेत श्वास अडकणे आणि गुडघेदुखीही कमी होते.

पण शुगर कायमची जाते का? स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांची पाहणी झाली. ऑपरेशननंतर 2 वर्षांनी 100 मधुमेहींपैकी 72 जण मधुमेहातून मोकळे होते; 15 वर्षांनी 30 उरले. ऑपरेशन न केलेल्यांत तेव्हा हा आकडा 6 ते 7 होता. म्हणजे फायदा खरा आहे, पण जन्मभराची हमी नाही. मधुमेह जितका जुना, तितका फायदा कमी.

ऑपरेशननंतर लोह, बी-12, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर लागतात. आपल्या बायकांचे रक्त आधीच कमी. गोळ्या सुटल्या तर अशक्तपणा वाढतो, हातापायांना मुंग्या येतात, हाडे ठिसूळ होतात. दिवस राहू देण्याआधी किमान वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. शुगरच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या.

खासगी दवाखान्यात खर्च लाखांत जातो. म्हणून दागिने मोडण्याआधी किंवा व्याजाने पैसे काढण्याआधी विचारा : माझ्यासाठी कोणता प्रकार, आणि का? नंतरची तपासणी गावातच होईल की दर वेळी नागपूर गाठावे लागेल? गोळ्या-तपासण्यांचा वर्षाचा खर्च किती? तो लिहून घ्या. सरकारी योजनेत बसते का, हे दवाखान्यातील आरोग्यमित्राला विचारा. ऑपरेशन झाल्यावर घरी ताप आला, पोटात जोरात दुखले, छातीत धडधडले किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट पाहू नका.

तिशी ओलांडलेल्यांची शुगर-बीपी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. अमरावतीत इर्विन आहे, अकोल्यात सर्वोपचार आहे. आधी तिथे जा. शुगर किती वर्षांची आहे, किती चढलेली आहे, हे कागदावर आले की ऑपरेशनचे बोलणेही नीट करता येते. आणि लठ्ठपणा हा आजार आहे. घरातल्या बाईला त्यावरून टोमणे मारू नका, तिला तपासणीला घेऊन जा.