ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी

लेखमाला : पोलीस आणि शेजार – भाग ५

जुलै २०२३ मधली गोष्ट. पुण्यातल्या कोथरूडमध्ये रात्रीच्या गस्तीवर असलेल्या दोघा पोलिसांनी दुचाकी चोरणाऱ्या तिघांना हटकले. कोंढव्यातल्या त्यांच्या खोलीची झडती घ्यायला नेताना एक जण निसटला. हाती लागलेले दोघे एनआयए शोधत असलेले दहशतवादी कटातले संशयित निघाले. गस्तीवरच्या पोलिसांचे सगळ्या शहराने कौतुक केले आणि ते योग्यच होते.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, कोथरूडचेच पोलीस ठाणे वेगळ्या कारणाने चर्चेत आले. छत्रपती संभाजीनगरहून बेपत्ता झालेल्या एका विवाहितेच्या शोधात तीन तरुणींची चौकशी झाली. त्या चौकशीत मारहाण व जातिवाचक शिवीगाळ झाल्याचा आरोप त्यांनी केला. पोलिसांनी तो फेटाळला. गुन्हा नोंदवा, या मागणीसाठी कार्यकर्ते पोलीस आयुक्तालयात रात्री उशिरापर्यंत ठाण मांडून बसले. अखेर गुन्हा दाखल करता येत नाही, असे पोलिसांनी लेखी कळवले.

आरोपांचा निवाडा करणे या लेखाचे काम नाही. प्रश्न असा, की चांगल्या कामगिरीने कमावलेली पत अशा वेळी उपयोगी का पडत नाही? अमेरिकन अभ्यासक टॉम टायलर यांनी शिकागोतल्या रहिवाशांशी बोलून १९९० मध्ये याचे उत्तर मांडले. माणसे पोलिसांना केवळ निकालावरून जोखत नाहीत. आपले म्हणणे ऐकून घेतले का, आपल्याला मानाने वागवले का, यावरून जोखतात. चोर सापडला नाही तरी लोक समजून घेतात. ‘बसा तिकडे, साहेब आल्यावर बघू’ हे मात्र वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

म्हणून सगळे येऊन ठेपते ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी. समोरच्याचा मोबाइल हिसकावून नेलेला असतो आणि त्याला सांगितले जाते, ‘गहाळ झाला म्हणून अर्ज द्या.’ राज्यातल्या कितीतरी ठाण्यांत ऐकू येणारे हे वाक्य. गहाळ म्हटले की गुन्हा नाही, गुन्हा नाही की तपास नाही, आणि महिन्याचा आकडाही आटोक्यात! तक्रारदार शिक्का मारलेली पोच घेऊन घरी जातो. आपल्याला टोलवले, हे त्याला कळलेले असते.

कायदा खरे तर त्याच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांच्या आत पोलिसांनीच कळवायचे असते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा तर बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावे लागते. ती स्वतः राजी असेल तर गोष्ट वेगळी. मराठवाड्यातून येऊन कोथरूडमध्ये खोली करून राहणाऱ्या मुलीला यातले किती ठाऊक असते? हे तिला पोलिसांनी आधी सांगायला हवे, वकिलाने नंतर नव्हे.

आणि रहिवाशांशी असे नाते जोडणे पोलिसांना जमते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी नव्हे, तर साधे हिंदू-मुस्लिम रहिवासी होते आणि सोबत त्या भागातले पोलीस. बैठकांत शेजाऱ्यांची किरकोळ भांडणेसुद्धा सुटू लागली. त्या निमित्ताने लोकांना हवालदार नावाने कळला आणि हवालदाराला गल्ली कळली. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली.

कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीसारख्या सुस्थितीतल्या वसाहती आहेत, तशा सुतारदरा, किष्किंधानगरसारख्या टेकडीउतारावरच्या दाट वस्त्याही. गणेशोत्सवाआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत बहुतेक मंडळांचे तेच ते अध्यक्ष दिसतात. वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई आणि खोली करून राहणारी विद्यार्थिनी जोवर त्या खुर्च्यांवर बसत नाहीत, तोवर ती बैठक ओळखीच्यांचीच राहणार.

तक्रार पोलिसांविरुद्धच असेल तर काय? सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून निरीक्षकाच्या खोलीपर्यंत, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. ते चित्रण पाहायला मागायचे कुणी आणि कुणाकडे, तसेच पोलीस तक्रार प्राधिकरणाचे दार कसे ठोठावायचे, हे पुढच्या आठवड्यात.