तोंडातली गाठ मानेत कशी पोहोचते?

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी दोंडाईच्यात बसस्टँडवर असो की मिरची बाजारात, तंबाखूची पुडी अनेकांच्या खिशात असते आणि त्यातूनच तोंडाचा कॅन्सर होतो. गाठ जागेवरच असेल तर कापून काढता येते. खरा धोका ती पसरण्यात आहे.

पेशीत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे बारीक तंतू असतात. घराच्या वाशांसारखे ते पेशीला आकार देतात, पण सतत जोडले-मोडले जातात. हे काम नियंत्रक प्रथिने पाहतात: एआरपी २/३ तंतूंना फांद्या फोडते, कोफिलिन जुने तंतू तोडते, फॅसिन त्यांची मोळी बांधते. जखम भरताना पेशी सरकतात त्या यांच्याच बळावर. कॅन्सरमध्ये मात्र लगाम सुटतो. अनेक प्रकारच्या गाठींत फॅसिन वाढलेले आढळते. पेशी बोटांसारखी टोके काढून शेजारी घुसते आणि लसीकावाहिन्यांतून मानेत पोहोचते.

मग अ‍ॅक्टिनच का थांबवू नये? कारण हृदय आणि स्नायूही त्यावरच चालतात. म्हणून संशोधकांचे लक्ष नियंत्रकांवर आहे.

आपल्या हाती आहे ती वेळेवर तपासणी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही दिसले तर धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरील उपचारही आहेत.

कार्यकर्त्यांनो, रविवारी विहारात जमलात की पाच मिनिटे हे सांगा. पेशी सरकण्याआधी माणूस दवाखान्यात पोहोचला पाहिजे.