जाळे विणण्याचा पहिला धडा

लोकरीच्या मोज्याचा एक टाका सुटला, की विण उसवत जाते. मासळीच्या जाळ्याचे तसे नाही. त्याचे प्रत्येक घर गाठीने पक्के केलेले असते. आज यंत्रावरची जाळी विकत मिळतात खरी. पण वालावलसारख्या कर्लीकाठच्या गावी जाळे फाटले, तर सांधायला हातच लागतो.

साहित्य थोडेच : सुती दोरा भरलेली लाकडी सुई आणि २ सेंटिमीटर रुंदीची गुळगुळीत पट्टी. नायलॉनची गाठ नवख्या हातून सरकते, म्हणून आरंभ सुतावर करावा.

पट्टी वरच्या ओळीखाली धरा. दोरा पट्टीपुढून खाली, मागून वर न्या आणि वरच्या घरातून काढून ओढा. घराचे टोक पट्टीला टेकले, की अंगठ्याने दाबा. दोऱ्याचा फेर डावीकडे टाका. सुई घराच्या दोन्ही धाग्यांमागून घालून फेरातून काढा. आता गाठ आवळा.

या घराला ‘आस’ म्हणतात. आपल्या पट्टीने ताणलेला आस ४ सेंटिमीटरचा होतो. तो बारीक केला, तर पिलेही अडकतात. तेव्हा शिक्षकांनी मुलांना गाठीबरोबर हेही सांगावे : लहान मासा सुटला, तरच पुढे जाळे भरेल.