पहिले मत आणि तांब्याचा हंडा

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर कागल मागे टाकून सरहद्द ओलांडली, की निपाणी तालुक्यातील कोगनोळी लागते; आणि केवळ नाक्यावरची वर्दळ पाहून या गावाविषयी आपले मत कायम करणाऱ्या प्रवाशांची संख्या थोडी नसावी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस आणि तोदोरोव या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की अपरिचित चेहऱ्याविषयीचा ग्रह अवघ्या एक दशांश सेकंदात बनतो, व अधिक अवधी दिला तरी तो फारसा बदलत नाही; त्यावरील आपला विश्वास तेवढा वाढतो.

पाहुणाही घराचा फैसला असाच पाण्याच्या हंड्यावरून करतो, म्हणून तो घासण्याविषयी घरोघरी मते मोठी ठाम असतात. चिंचेचा पक्ष रसायनशास्त्राच्या दृष्टीने बळकट आहे: तिच्यातील टार्टारिक आम्ल तांब्यावरील ऑक्साइडचा काळपट थर विरघळवते, आणि मीठ त्या क्रियेस हातभार लावते. राखेचा पक्षही निराधार नव्हे. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट अल्कधर्मी असल्यामुळे तेलकटपणा सोडवते. मात्र दोन्ही एकत्र कालवल्याने गुण दुप्पट होतात ही समजूत, कितीही जुनी असली तरी, खोटी होय. कारण आम्ल आणि अल्क परस्परांचा प्रभाव नाहीसा करतात.

हंड्यापुरती ही चूक निरुपद्रवी, न्हाणीघरात नव्हे. फरशी धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा वाचकांनी ही द्रव्ये कदापि मिसळू नयेत.