शनिवार, पहिली शिफ्ट आणि एम.टेक.

पहाटे ५.१५

पहिल्या शिफ्टची बस मोशीच्या चौकात सहाच्या सुमारास येते आणि कुणासाठी थांबत नाही, म्हणून शनिवारीही गजर सव्वापाचचा. नोकरी करणाऱ्या इंजिनिअरांसाठी शनिवार-रविवारी वर्ग भरवणारे अभ्यासक्रम ज्यांनी आखले, त्यांच्या डोळ्यांपुढे हिंजवडीतला संगणकवाला असावा. त्याचा आठवडा शुक्रवारी संध्याकाळी संपतो. भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, आणि चाकणला असूनही आमच्या कारखान्याने तीच धरली आहे. म्हणजे आमच्या एम.टेक.च्या बॅचमधल्या माझ्यासारख्यांचा 'वीकएंड' हा एक अख्खी शिफ्ट अधिक दोन लेक्चरं. गुरुवारी खरी मोकळीक असते तेव्हा वर्ग नसतो. तेव्हा गॅस, बँक, मुलीच्या शाळेतली पालकसभा आणि मागच्या आठवड्यातली राहिलेली असाइनमेंट असते.

६.०५

बसमध्ये दोन जाती: झोपणारे आणि कानात बोंडं घालून बसणारे. मी दुसऱ्या जातीत अलीकडेच आलो. मागच्या रविवारचं लेक्चर दीडपट वेगानं लावतो; सरांचा सावकाश आवाज त्या वेगात जरा तरतरीत वाटतो. विषय फटीग, म्हणजे धातू वारंवार ताण खाऊन थकतो आणि तुटतो त्याचं शास्त्र. वोलर नावाचा जर्मन रेल्वे इंजिनिअर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डब्यांचे आस फिरवून फिरवून तोडत बसला होता. एका फटक्यात जो भार आस सहज पेलतो, त्याहून बराच कमी भार लाखो वेळा आला तर तोच आस तुटतो, हे त्यानं दाखवून दिलं. ज्या आलेखाला आज आपण वोलरचा वक्र म्हणतो तो त्यानं काढलाच नव्हता. त्यानं आकड्यांची कोष्टकं छापली, रेघ नंतरच्यांनी ओढली. हे ऐकून मला माणूस एकदम जवळचा वाटला. आमच्या टेस्ट लॅबमध्येही कोष्टकंच असतात. रेघ ओढायला कुणाला वेळ असतो?

कुरुळीच्या पुढे नेटवर्क जातं आणि सर वाक्याच्या मध्येच गोठतात.

७.००

मी क्वालिटीत. आमचा कारखाना अ‍ॅक्सल शाफ्ट बनवतो: गाडीच्या डिफरन्शियलकडून चाकाकडे फिरवण्याची ताकद नेणारे पोलादी दांडे. वर्गात 'आस' हा शब्द आला की मी सावरून बसतो तो त्यामुळे.

सकाळची मीटिंग लाइनवर उभ्या उभ्याच होते. काल किती निघाले, किती रिजेक्ट, कुठली मशीन बंद, मटेरियल कधी येणार. व्यासाचा सीपीके, म्हणजे मापं मर्यादेत किती नीट बसतात त्याचा आकडा, १.३३ च्या वर आहे ना, एवढं विचारून पुढे. आज मात्र लॅबमधून निरोप आला: रात्री टॉर्शनच्या, म्हणजे पीळ देऊन तपासणाऱ्या, रिगवरचा शाफ्ट अपेक्षेच्या आधीच गेला.

रिगजवळ मामा उभे होते. वयानं मोठ्या ऑपरेटरला आमच्याकडे सगळे मामाच म्हणतात. तुटलेले दोन तुकडे त्यांनी चिंधीवर मांडून ठेवले होते, तोंडं वर करून. "साहेब, तोंडाला तोंड लावू नका," ते म्हणाले. बरोबर आहे, तुटलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासले की पुरावा पुसला जातो. हे वाक्य मी पाठ्यपुस्तकात नंतर वाचलं, मामांकडून आधी ऐकलं होतं.

तुकडा सपाट कापला गेला नव्हता. पंचेचाळीस अंशांत पिळवटून, तिरका गेला होता. खडू दोन्ही टोकांना धरून पिळला तर तो जसा नागमोडी तुटतो, तसा. मऊ पोलाद जास्त पिळामुळे तुटलं तर बहुतेक आडवं आणि सपाट तुटतं. कठीण केलेलं पोलाद तिरकं जातं, कारण त्याला पिळापेक्षा त्या तिरक्या दिशेनं बसणारी ओढ आधी मारते. आमचे शाफ्ट इंडक्शननं बाहेरून कठीण केलेले असतात आणि आतला गाभा मऊ असतो. मग प्रश्न असा की तडा सुरू कुठून झाला? वरून, स्प्लाइनचे दाते जिथे संपतात त्या खाचेतून, की आतून, कठीण थर संपून मऊ गाभा सुरू होतो त्या सीमेवरून? वरून असेल तर मशीनिंगचं प्रकरण, आतून असेल तर हीट ट्रीटमेंटचं. दोन विभाग, दोन मॅनेजर, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कारण पटतं.

तुकडा मायक्रोस्कोपखाली गेला. फोटो काढले. ते फोटो कारखान्याबाहेर जाऊ शकत नाहीत, आणि संध्याकाळी बॅचला दाखवायला नेमके तेच हवे होते.

११.३०

कँटीनमध्ये शनिवारी मटकीची उसळ. समोर आमचे साहेब येऊन बसले. पन्नाशी पार केलेला माणूस. डिप्लोमानंतर नोकरी करता करता त्यांनी एएमआयई केलं. आजच्या पोरांना ही अक्षरं ठाऊकही नसतात. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ही परीक्षा. भाग अ आणि भाग ब पास झालात की पदवीधराच्या बरोबरीचे. कॉलेज नाही, वर्ग नाही, नोकरी सांभाळून जमेल तेव्हा एकेक पेपर. २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ती बरोबरी राहिली नाही, आणि कारखान्यांतून वर येण्याची एक जुनी वाट बंद झाली. साहेबांना अजून त्याची चुटपुट आहे.

"आमच्या वेळी बॅच नव्हती रे," ते म्हणाले. "मी, दिवा आणि पुस्तक. अडलं की अडलंच."

मग नेहमीप्रमाणे त्यांनी माझ्या कोर्सची उलटतपासणी घेतली. हे डिस्टन्सचं नाही ना? हा प्रश्न आमच्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी कुणी तरी विचारतंच, बहुधा एचआर. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांवर कडक निकाल दिला, तेव्हापासून या शब्दाची धास्ती बसली आहे. मी सांगतो: वर्ग ठरल्या वेळी, समोर शिक्षक, हजेरी, परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर, शेवटच्या सत्रात स्वतःच्या कामावर प्रबंध. नोकरदारांना घेऊन असं शिकवणं काही आजचं नाही; पिलानीच्या बिट्सनं ते १९७९ पासून चालवलं आहे आणि अलीकडे आयआयटीही त्यात उतरल्या.

पैशाचं गणित मात्र उलटं आहे. गेट देऊन पूर्ण वेळ एम.टेक. करणाऱ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आम्ही फी भरतो, किंवा कंपनी भरते आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेते. वर्गातले काही जण बाँडवाले, काही स्वतःच्या खिशातले. बाँडवाल्यांना नोकरी सोडता येत नाही आणि खिशातल्यांना सेमिस्टर सोडता येत नाही, एवढाच काय तो फरक.

साहेबांनी परीक्षेच्या दिवसांच्या रजेवर सही केली. उसळ गार झाली होती.

३.३०

शिफ्ट सुटली. चारचं लेक्चर मी कारखान्याच्या ट्रेनिंग रूममध्येच ऐकतो. चाकणच्या चौकांतून साडेतीनला बाहेर पडणारा माणूस चारला कुठेही पोचत नाही, हे पुणे-नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही समजावायला नको. सुरक्षारक्षकाला सांगून ठेवलं की तो एसी सुरू ठेवतो.

४.००

स्क्रीनवर काळे चौकोन. कॅमेरे बंद, नावापुढे कंपनी किंवा गाव. सातपूरच्या प्रेस शॉपमधला चुकून माइक उघडा ठेवतो आणि प्रेसचा ठोका आम्हा सगळ्यांच्या कानात बसतो. शिरोलीच्या फाउंड्रीतला कायम उशिरा येतो. रात्रीची वीज स्वस्त पडायची म्हणून त्यांच्याकडे वर्षानुवर्षं भट्टी रात्रीच पेटत आली, त्यामुळे चार म्हणजे त्याची सकाळ. बॅटरी पॅक डिझाइन करणारी एक आहे, तिचा मुलगा दोन वर्षांचा. ती उत्तर देत असते तेव्हा मागून "आई, हे बघ" ऐकू येतं. आणि वाळूजचे दादा, आमच्यात सगळ्यांत मोठे, मेंटेनन्सचे. सुरुवातीला सगळे त्यांना 'सर' म्हणायचे, मग त्यांनीच ते बंद करवलं.

आज मायनरचा नियम. पामग्रेननं १९२४ मध्ये बेअरिंगसाठी मांडलेला, मायनरनं १९४५ मध्ये विमानांच्या संदर्भात पुन्हा मांडलेला. प्रत्येक भार आयुष्याचा थोडा थोडा वाटा खातो. वाट्यांची बेरीज एक झाली की वस्तू संपली. हिशेब वाण्याच्या वहीसारखा सोपा, आणि म्हणूनच संशयास्पद. मोठा भार आधी आला की नंतर, याची ही बेरीज दखलच घेत नाही. प्रत्यक्षात क्रमानं फरक पडतो, हे सरांनी एका वाक्यात सांगितलं आणि ते पुढे गेले. दादांनी चॅटमध्ये फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं.

साडेसहाचं दुसरं लेक्चर, ऑप्टिमायझेशनचं, मी बसमध्ये ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावरून गेलं.

रात्री ९.३०

जेवणं, मुलीचा गृहपाठ, मग कॉल. हा वर्ग वेळापत्रकात कुठेच नाही, पण तो काढून टाकला तर आमच्यातले अर्धे दुसऱ्या सेमिस्टरच्या आत गळले असते. पाच-सहा जण असतो. असाइनमेंट एकत्र सोडवणं हे निमित्त. लिहायची प्रत्येकानं आपापली.

या कॉलचा एक अलिखित शिष्टाचार आहे. कंपनीचं नाव काढायचं नाही, ग्राहकाचं तर मुळीच नाही, आणि आलेखाच्या अक्षांवर आकडे ठेवायचे नाहीत. सगळ्यांनी गोपनीयतेच्या करारांवर सह्या केल्या आहेत. त्यामुळे सगळं काही 'एक पार्ट' असतं, 'एका कस्टमरचा' असतो, आणि दाखवलेल्या आलेखावर नुसती रेघ असते, उभ्या-आडव्या अक्षांवर काही नाही. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण आकडे काढून टाकले की शिल्लक राहतो तो फक्त आकार, आणि आकाराबद्दल माणूस फार मोकळेपणानं बोलतो. माझ्या मते इथे सगळ्यांत जास्त शिकणं याच सक्तीमुळे होतं. आकडा असता तर आम्ही तो सूत्रात घातला असता आणि झोपलो असतो.

मी तोंडी वर्णन केलं: पंचेचाळीस अंशांचा तुकडा, तडा बहुधा आतून. कॅमेऱ्यापुढे मुलीचा खडू पिळून तोडला. शिरोलीवाला हसला, मग म्हणाला, "आतून म्हणतोयस, तर सीमेवर काय आहे ते बघ. आमच्याकडे कास्टिंग आतून फुटलं की पहिला संशय आतल्या पोकळीवर. तुझ्याकडे पोकळी नसेल, पण पोलादातला मळ असेल. इन्क्लूजन."

"किंवा थराची जाडी," बॅटरीवाली म्हणाली. "कठीण थर पातळ असेल तर सीमा वरच्या बाजूला सरकते, आणि पिळाचा ताण जसजसं बाहेर यावं तसतसा वाढतो. म्हणजे मऊ भागाला जास्त ताण झेलावा लागला."

ती बॅटरीच्या डब्यावर काम करते, शाफ्टला तिनं हात लावलेला नाही. हे तिला कागदावरून सुचलं, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये ते कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी थराच्या जाडीचा रिपोर्ट सोमवारी मागवायचा असं वहीत लिहिलं.

मग दादांनी त्यांचं प्रश्नचिन्ह उलगडलं. त्यांच्याकडे 'एका प्रेसचा' क्रँकशाफ्ट आहे. डाय बदलल्यावर पहिले काही ठोके जड पडतात, मग सुरळीत. मायनरच्या बेरजेत ते जड ठोके कधीही पडले तरी सारखेच. दादांचा अनुभव असा की सुरुवातीलाच जड ठोके खाल्लेला भाग नंतर वेगळा वागतो. सातपूरवाला म्हणाला, त्याच्याकडेही. मग अर्धा तास दोघं आकड्यांशिवाय, नुसते हातवारे करून भांडले. शेवटी शिरोलीवाल्यानं सरांच्या स्लाइडचा स्क्रीनशॉट टाकला. त्यात तेच एक वाक्य होतं आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं.

"हे सरांना उद्या विचारा," बॅटरीवाली म्हणाली.

"तू विचार गं. तुझं ऐकतात."

"दादा, तुम्हीच विचारा. तुमच्या प्रेसचं आहे."

"एका प्रेसचं," दादांनी दुरुस्ती केली.

११.२०

असाइनमेंटची मुदत ११.५९. फाइलचं नाव ठरावीक पद्धतीनंच हवं: रोल नंबर, विषय, क्रमांक, मध्ये अंडरस्कोर. सातपूरवाल्याची फाइल दोनदा परत आली कारण त्यानं मोकळी जागा सोडली. लोखंडाचे टन सरळ करणारा माणूस एका अंडरस्कोरपुढे हरतो, हे पाहून सगळ्यांना बरं वाटलं. शिरोलीवाला ११.५५ ला भट्टीजवळून फोनवरूनच अपलोड करत होता. त्यानं पाठवलेल्या फोटोत मागे नुसता केशरी उजेड.

उद्या साडेनऊला पुन्हा फटीग. दादांनी प्रश्न लिहून ग्रुपवर टाकला, म्हणजे नेटवर्क गेलंच तर दुसरं कुणीतरी विचारेल. त्याखाली बॅटरीवालीनं लिहिलं की मुलगा उठला नाही तर ती वेळेवर येईल. मी पहिल्या शिफ्टला आहे. ट्रेनिंग रूमची किल्ली रविवारी कुणाकडे असते हे सकाळी मामांना विचारायला हवं.